थेम्सवरची जत्रा आणि फुटलेला पाइप

रविवार, २१ डिसेंबर २००८

सीमा आणि सान्वी दुपारी पोचल्या. मँचेस्टरहून ब्रॅकनेलपर्यंत सीमाने एकटीने गाडी चालवली. ख्रिसमसला त्या येणारच होत्या, पण शाळा सुटल्याबरोबर निघाल्या, कारण त्यांच्या घरात पाइप फुटलाय. वर सगळं पाणी झालं आणि हॉलचं सीलिंग खाली आलं. बिल्डर आता नवीन वर्षाशिवाय हात लावणार नाही. अंशुमनराव घर सांभाळायला मागे राहिलेत. जावई जबाबदार मिळालाय, हे मी सीमाला म्हटलंसुद्धा. ती बॅगा उतरवत होती, ऐकू आलं नसावं.

बॅगा तरी किती! चार दिवसांच्या सुट्टीला कुणी उन्हाळ्याचे फ्रॉक आणतं? सामान बांधण्यात सीमा अगदी आईवर गेलीय. आणि मागच्या सीटवर सान्वीच्या मांडीवर काचेचा बाऊल, त्यात तिचा गोल्डफिश.

"बाबा, घर गार पडलंय. मासा मेली असती."

"मेला असता."

"तेच."

चाळीशी उलटली तरी पोरीचं लिंग-वचन सुधारलं नाही. दोष माझा आणि सुलक्षणाचाच. तिच्या लहानपणी आम्ही दोघं शिफ्टमध्ये. ती मराठी शिकली ती आमच्या दारातल्या येण्याजाण्यात.

घरात आवाज आहे आज. सुलक्षणा गेल्यापासून ही वही लिहितोय ती यासाठीच, की दिवसभराचं बोलायला कुणी नसतं. आज लिहायचा कंटाळा येतोय, हे चांगलंच म्हणायचं.

गुरुवार, २५ डिसेंबर

अंशुमनरावांना फोन केला. "पाइपचं कसं काय?" विचारलं, तर म्हणाले, "पाइप?... हो, हो. चाललंय, बाबा." युनिव्हर्सिटीत शिकवणारी माणसं. घरात पाणी तुंबलं तरी डोकं पुस्तकात. सान्वीशी बरंच बोलले. सीमा तेव्हा भांडी घासत होती. भांडी घासताना ती हल्ली अंगठी काढून ठेवते. मग परत घालायची विसरते.

मंगळवार, ६ जानेवारी २००९

कडाक्याची थंडी. बागेतली पक्ष्यांची पाण्याची थाळी तळापर्यंत गोठली.

बिल्डरचं लांबतंय, म्हणून सान्वीला इथल्या शाळेत घातलं. एका टर्मपुरतं. सीमा म्हणते तिचं ऑफिसचं काम इथून लॅपटॉपवर होतं. मला काय, बरंच आहे. सान्वीला न्यायला-आणायला मीच जातो.

आज येताना ती उड्या मारतच बाहेर आली. वर्गात लंडनच्या इतिहासाचा टॉपिक चाललाय, आणि थेम्स नदी गोठायची, तिच्यावर जत्रा भरायची, ते बाईंनी शिकवलं. जानेवारीच्या शेवटी शाळेच्या आवारातच तशी फ्रॉस्ट फेअर भरवणार आहेत. हिने हात वर करून सांगितलं, "माझे आजोबा थेम्सवर चालले आहेत." कुणी विश्वास ठेवला नाही. एक मुलगा म्हणाला, मग तुझे आजोबा दोनशे वर्षांचे असतील.

"आजोबा, तू खरंच चालला ना?"

"चाललो. विंडसरला. त्रेसष्ट साली."

"मग तू येऊन सांग. नाहीतर मी लायर होते."

शनिवार, १० जानेवारी

लायब्ररीत जाऊन पुस्तकं आणली. आम्हाला शाळेत इंग्लंडचा इतिहास होता, पण राजांचा होता. हे कुणी शिकवलं नव्हतं.

पूर्वी लंडन ब्रिजच्या कमानी अरुंद होत्या. पाणी अडायचं, संथ व्हायचं आणि मोठी थंडी पडली की गोठायचं. मग बर्फावर तंबू पडायचे. भाजलेलं मांस, जिंजरब्रेड, दारू, झोपाळे, बाहुल्यांचे खेळ. छापखानेवाले आपलं यंत्र ओढत थेट नदीवर आणायचे आणि लोकांना त्यांचं नाव छापून द्यायचे, गोठलेल्या थेम्सवर छापलेलं म्हणून. शेवटची जत्रा १८१४ सालची. त्या वेळी ब्लॅकफ्रायर्सपाशी एक हत्ती बर्फावरून चालवत नेला होता. जेमतेम चार दिवस टिकली ती जत्रा. मग बर्फ तडकला, तंबू वाहून गेले, काही माणसंही. पुढे जुना पूल पाडला, काठ बांधून काढले, पाण्याला वेग आला. आता लंडनात नदी गोठत नाही.

सान्वीला वाचून दाखवलं. हत्तीवर खूश. "हत्ती घसरली नाही?" "घसरला नाही." मग नावाड्यांचं सांगितलं. एरवी माणसं या काठावरून त्या काठावर नेऊन ते पोट भरत. नदी गोठली की होड्या अडकल्या. मग तेच लोक बर्फावर तंबू टाकून जत्रा चालवायचे.

ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं पहिलं काम गेलं, मग दुसरं केलं. मम्मासारखं."

"मम्माचं काम कुठे गेलंय?"

तिने पान उलटलं. "आजोबा, मम्माला पाइपचं विचारत नको जाऊ. तिला आवडत नाही."

इन्शुरन्सवाल्यांचा ताप असणार. तो कुणाला आवडतो?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. नंदू तिळगूळ घेऊन आला. बासष्ट साली स्लाउच्या फॅक्टरीत आम्ही शेजारच्या मशीनवर होतो, त्याला आज किती वर्षं झाली! त्याला पाइपचं सगळं सांगितलं. तो सान्वीच्या माशाकडे बघत बसला होता.

"हा मासा मँचेस्टरहून आणलाय?"

"हो. गाडीतून."

नंदू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. जाताना दारात म्हणाला, "पुरुषोत्तम, तू एकदा सीमाजवळ बस. नीट बोल."

"काय बोलू? इन्शुरन्सचं मला ओ की ठो कळत नाही."

"बरं," म्हणाला आणि मफलर गुंडाळून गेला. नंदू म्हातारा व्हायला लागलाय.

रविवार, १८ जानेवारी

जत्रेत माझा स्टॉल ठरला. जिंजरब्रेड बाकीचे आया-बाप करणारच आहेत, तेव्हा मी आलेपाक करणार. दोन्हीत आलंच. आज पहिला घाणा केला. साखर पुढे गेली, वडी दगडासारखी. सीमा म्हणाली, "आईचा मऊ असायचा." सुलक्षणा दूध घालायची का, हे विचारायला आता कुणी नाही. मग आम्ही दोघं पातेलं खरवडत उभे राहिलो आणि तिने अचानक विचारलं, "बाबा, त्या हिवाळ्याचं सांगा ना. शाळेत काय सांगणार?"

मी सांगितलं. इथेही लिहून ठेवतो.

बासष्टच्या बॉक्सिंग डेला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बर्फ पडायला लागला तो मार्चपर्यंत हलला नाही. सुलक्षणा जानेवारीत आली. लग्न होऊन सहा महिने झालेले, त्यातले आम्ही एकत्र जेमतेम तीन आठवडे. स्लाउला एक खोली. पॅराफिनचा, म्हणजे रॉकेलचा हीटर, त्याच्या वासाने तिला मळमळायचं. नळ गोठलेले, पाणी रस्त्यावरच्या टँकरवरून बादलीने आणायचं. दारातल्या दुधाच्या बाटल्यांत दूध गोठून वर यायचं आणि झाकण टोपीसारखं उचललेलं असायचं. ते पाहून ती पहिल्यांदा हसली होती, एवढं आठवतं.

एका रविवारी कुणीतरी म्हणालं विंडसरला नदी गोठलीय. बसने गेलो. काठावर एक माणूस शेगडीवर चेस्टनट भाजत होता. नदीवर पोरं घसरत होती, एकजण चक्क सायकल चालवत होता. सुलक्षणा नऊवारी नव्हे, पाचवारीच नेसलेली, पण तिच्यावर माझा ओव्हरकोट, आणि पायांत माझे दोन-दोन मोजे. मी तिचा हात धरला आणि तिला या काठावरून त्या काठावर घेऊन गेलो. ती घाबरली होती, पण मी होतो. परतताना चेस्टनट घेतले. खिशात उबेला ठेवले. एवढंच. पण पुढे सेहेचाळीस उन्हाळे झाले तरी तो रविवार अंगावरून जात नाही.

सीमा ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही तिला नेलंत?"

"मग काय ती मला नेणार होती?"

तिने पातेल्यात पाणी सोडलं.

मला वाटतं तिला अंशुमनरावांची आठवण आली. महिना होत आला. या पोरांना कामापुढे काही सुचत नाही, मोठ्यांनीच काहीतरी करावं लागतं.

रविवार, २५ जानेवारी

अंशुमनरावांना फोन करून ३१ला जत्रेला बोलावलं. ते म्हणाले, "सीमा काय म्हणाली?"

"तिला सांगितलेलंच नाही! सरप्राइज."

"बाबा, मला वाटतं की—"

"पाइप एक दिवस थांबेल. सान्वी जत्रेतल्या हत्तीचा पुढचा पाय झालीय. लेकीला बघायला नको?"

शेवटी, "येतो, बाबा."

मनातून इतका खूश आहे की आलेपाकाचा दुसरा घाणा लगेच लावला. दूध घातलं. मऊ झाला.

शनिवार, ३१ जानेवारी

क्रमाने लिहितो.

शाळेचं आवार ओळखू येत नव्हतं. पांढऱ्या चादरी पसरून बर्फाची नदी केलेली, दोन्ही बाजूंना तंबू. बटाट्याचे ठसे कापून मुलांचा छापखाना, प्रत्येकाला नाव छापून मिळत होतं. करड्या कापडाखाली चार मुलं घालून हत्ती. तो चादरीवरून चालला तेव्हा पुढचा डावा पाय मधेच थांबून मला हात करत होता. माझा आलेपाक भराभर गेला. एक आजीबाई तीनदा आल्या.

मग मला खुर्चीवर बसवलं आणि मुलं समोर मांडी घालून. मी दुधाच्या बाटल्यांचं सांगितलं, सायकलवाल्याचं, सुलक्षणाच्या मोज्यांचं. दोनशे वर्षांचा म्हणणारा पोरगा पहिल्या रांगेत होता, त्याने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

समोर मागच्या बाजूला सीमा उभी होती. ती हसत होती. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला, म्हणून मी वळून पाहिलं. फाटकातून अंशुमनराव येत होते. हडकले होते. हातात सान्वीसाठी पुस्तकाचं पार्सल.

"सरप्राइज!" मी खुर्चीवरूनच ओरडलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा गोष्टीचाच भाग.

सीमा जागची हलली नाही. अंशुमनराव तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले आणि दोघांनी एकमेकांना "हाय" केलं. बँकेच्या रांगेत ओळखीचं माणूस भेटल्यावर करतात तसं. हत्तीचा पाय मात्र कापडातून सुटून धावत आला आणि बापाला चिकटला.

घरी आलो, जेवणं झाली. अंशुमनरावांचं अंथरूण सीमाने खाली सोफ्यावर घातलं. पाठ दुखते म्हणे त्यांची.

पाठ दुखणाऱ्याला सोफ्यावर कोण झोपवतं?

रविवार, १ फेब्रुवारी

आज सकाळी कळलं. सगळ्यांना माहीत होतं. नंदूला, सान्वीला, बहुतेक त्या माशालासुद्धा.

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. सीमा आली, दार लोटलं.

"बाबा, त्याला का बोलावलं?"

"अगं, महिना झाला. तुला—"

"पाइप फुटली नाहीये. काहीच फुटलं नाहीये. घर एकदम ठीक आहे." आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मी घर सोडलंय, तिथली नोकरीपण. मी परत जाणार नाहीये."

मी म्हटलं, "मारहाण?" ती म्हणाली नाही. "दुसरी बाई?" नाही. "दारू?" नाही. मग मला राग आला. मी म्हटलं, मग आहे काय? नवरा-बायकोत एवढं तेवढं होतंच.

"तेच तर. काहीच होत नाही. दोन वर्षं आम्ही भाडेकरूंसारखं राहतो. कचऱ्याचे बिन कधी बाहेर ठेवायचे, सान्वीला कोण आणणार. आई गेली तेव्हा मी सहा महिने रात्री रडायची. त्याने एकदाही नाही विचारलं. चहा करून ठेवायचा. चांगला आहे तो. पण बोलत नाही, बाबा. मी विचारलं तर म्हणतो, आय ॲम फाइन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतं तो किती जबाबदार आहे."

चहा उतू गेला. गॅस तिनेच बंद केला. मला तेवढंही सुचलं नाही.

अंशुमनराव दुपारच्या गाडीने निघणार होते, पण सान्वीने सोडलं नाही. संध्याकाळी बर्फ पडायला लागला.

सोमवार, २ फेब्रुवारी

असा बर्फ इथे कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बागेतलं टेबल उशीसारखं दिसतंय. शाळा बंद, लंडनच्या बसेस बंद, गाड्यांचा पत्ता नाही. म्हणजे आम्ही चौघं घरात आणि कुणाला कुठे जाता येत नाही.

सकाळी सीमा आणि अंशुमनराव सान्वीला घेऊन वरच्या खोलीत बसले. दार बंद होतं. मी खाली मटार सोलत होतो. फ्रोझन होते, सोलायचं काही नव्हतं, नुसते या भांड्यातून त्या भांड्यात करत होतो. बऱ्याच वेळाने सान्वी एकटी खाली आली. डोळे लाल. म्हणाली, "मला माहीत होतं. पण आता मला ऑफिशियली माहीत आहे." मग विचारलं, मासा कुणाकडे राहणार. मी म्हटलं, तू राहशील तिथे. ती बूट घालून बागेत गेली. अंशुमनराव तिच्या मागे गेले आणि दोघं न बोलता बर्फाचा काहीतरी प्राणी करायला लागले. सोंड आली तेव्हा कळलं.

मी आणि सीमा खिडकीत उभे. मी म्हटलं, "तुझ्या आईचं आणि माझं तरी कुठे जमत होतं सुरुवातीला? त्या हिवाळ्यात ती रोज रडायची. पण राहिली. मी हात धरून नेलं तिला."

सीमा माझ्याकडे वळली. "बाबा, आईने मला हे वेगळं सांगितलंय. हॉस्पिटलमध्ये, शेवटी शेवटी."

"काय वेगळं?"

"त्या रविवारी ती परत जायचं ठरवून बसली होती. तिच्या भावाला कळवणार होती, तिकीट पाठव म्हणून. विंडसरला जायचं तुम्ही ठरवलं, ती नुसती आली. बर्फावर ती पुढे होती. मध्यावर आल्यावर खालून आवाज आला, कडकड. तुम्ही थांबलात. ती म्हणाली, चला ना. आणि तुम्ही म्हणालात, 'सुलू, मला फार भीती वाटतेय. नदीची नाही. सगळ्याची. मला इथलं काहीच जमत नाहीये.' आणि तुम्ही रडलात. मग तिने तुमचा हात धरला. ती म्हणाली, एवढ्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणून ती राहिली."

 आवाज आठवला. आधी बर्फाचा, मग माझा. सेहेचाळीस वर्षं मी तो रविवार रोज हातात घेऊन पुसला, आणि पुसता पुसता त्यातून स्वतःचं रडणं तेवढं पुसून टाकलं. आणि तिने तेवढंच जपून ठेवलं होतं.

"तिने मला कधी म्हटलं नाही, की तुम्ही खोटं सांगता."

"तुम्ही सांगायला लागलात की ती चहा करायला उठायची," सीमा म्हणाली.

खरंच उठायची.

बाहेर हत्तीची सोंड गळून पडली. दोघांनी परत लावली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गाड्या सुरू झाल्या. अंशुमनरावांना स्टेशनवर पोचवायला चालत गेलो. फुटपाथवर निसरडं होतं, त्यांनी माझा दंड धरला होता. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच. मी काय बोलणार, जावयाला रागवायचं की समजवायचं, काही ठरवलं नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "बाबा, मला त्या घरी जायची भीती वाटते. संध्याकाळी किल्ली लावताना."

"हे सीमाला सांगितलंत?"

"नाही. आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मला माहीत नाही, अंशुमनराव. ती परत येईल असंही मी म्हणत नाही. पण सांगा तिला."

गाडी आली. त्यांनी वाकून नमस्कार केला, प्लॅटफॉर्मवर, लोकांसमोर. असं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

नंदूकडे गेलो. म्हटलं, सीमा वेगळी झालीय, इथेच राहणार आहे. वाक्य तोंडात जड होतं, पण निघालं. नंदू म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस," आणि वहिनींना हाक मारून सांगितलं, "पुरुषोत्तम जेवून जाणार आहे."

मागची खोली सीमासाठी रिकामी करायला घेतली. सुलक्षणाच्या साड्या तिने आणि मी मिळून घडी केल्या. काही तिने ठेवल्या. एक सान्वीने पळवली, तिचा तंबू झाला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

अंशुमनरावांचा फोन आला होता. सीमा जिन्यावर बसून तासभर बोलली. मी टीव्हीचा आवाज वाढवला. नंतर ती आत आली, सोफ्यावर बसली. म्हणाली, "तो रडला. खूप बोलला. आधी बोलला असता तर."

"मग?"

"मग काही नाही, बाबा. फार उशीर झाला. पण बरं वाटलं. खूप बरं वाटलं."

मी जोडून काही म्हणणार होतो. म्हटलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

शाळेला हाफ टर्मची सुट्टी लागलीय. सकाळी सान्वी माझ्या खोलीत आली, तोंडावर बोट ठेवून. "मम्मा अजून झोपली आहे. रोज रात्री जागी असते ना ती. घोरते पण!"

आम्ही दोघं चोरपावलांनी खाली आलो. तिला कांदेपोहे शिकवले. कांदा तिने कापला, पोहे मी जास्त भिजवले, लगदा झाला. तरी दोघांनी बशीभर खाल्ले आणि सीमासाठी झाकून ठेवले. सान्वी म्हणाली, "उठवू?" मी मान हलवली. मग आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून पत्ते खेळत बसलो, ती जिंकली की हात वर करून मुक्याने नाचायची.

अकरा वाजता नंदू आला. बेल दाबायला त्याने हात उचललेला मला खिडकीतून दिसला. मी धावत जाऊन काचेवर हात हलवला. नको, नको. वर बोट केलं, मग गालाखाली तळवा ठेवून दाखवला. त्याला कळलं. तो तसाच दारातल्या पायरीवर बसला, उन्हाकडे तोंड करून. मी दोन कप चहा घेऊन बाहेर गेलो आणि त्याच्याशेजारी बसलो.